जावयाचा मान आणि तेलाचं झाकण

माझ्या धाकट्या बहिणीची पाठवणी हेलिकॉप्टरनं झाली, हे आमच्या धामणगाव बढ्यात अजून कौतुकानं सांगतात. ते हेलिकॉप्टर वाटेत हरभऱ्याच्या शेतात उतरवावं लागलं, हे त्याहून जास्त चवीनं सांगतात. त्याची तपासणी माझ्या नवऱ्यानं केली होती, हे मात्र मी समोर असले की सांगत नाहीत. म्हणून मीच सांगते.

आमचे हे हेलिकॉप्टरचे इंजिनिअर. भाड्यानं हेलिकॉप्टर देणाऱ्या एका कंपनीत होते. निवडणुकीत पुढाऱ्यांना आणि लग्नसराईत नवरदेवांना फिरवायचं, हा त्या कंपनीचा धंदा. बहिणीचं सासर बीबी गावाकडचं, माणसं हौशी. नवरीचे भाऊजीच त्या कंपनीत आहेत म्हटल्यावर त्यांनी लगेच हेलिकॉप्टर ठरवलं. एरवी मशीनबरोबर दोन माणसं यायची, एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं ते पाहायचं. या वेळी साहेब म्हणाले, तुमच्या घरचंच लग्न आहे, तुम्ही एकटे सांभाळाल. घरचं लग्न आहे म्हणूनच एकट्याला पाठवू नये, एवढं त्या साहेबाला कळत नव्हतं. मला तरी तेव्हा कुठे कळत होतं!

मशीन आमच्या कांद्याच्या वावराशेजारी मोकळ्या जागेत उभं होतं. भोवती दोरी बांधलेली, दोरीपाशी अख्खं गाव. लग्न लागलं, पंगती उठल्या. सूर्य मावळायच्या आत मशीन बीबीला टेकलंच पाहिजे म्हणून पायलट मांडवाच्या दाराशी घिरट्या घालत होता. हे मशीनपाशी झाकण उघडून इंजिनाचं तेल पाहत होते. इकडे माझ्या वडिलांच्या लक्षात आलं, की जावयाचा मान राहिला.

आमच्याकडे घरातल्या लेकीची पाठवणी करण्याआधी थोरल्या जावयाला पाटावर बसवून, कुंकू लावून टोपी-दुपट्टा देतात. त्याआधीच लेक निघाली, तर जावई रुसला अशीच बोलवा होते, आणि मग ती वर्षानुवर्षं पुरते. बाबा स्वतः दोरीखालून वाकून गेले.

"जावईबापू, चाला. पावणे थांबून राह्यले."

"बाबा, पाच मिनिटं. एवढं होऊ द्या."

"तुमचा मान केल्याशिवाय मी पोरीले कशी काढू घराबाहेर? लोकं काय म्हणतील मले?"

सत्तरी ओलांडलेला सासरा, डोळ्यांत पाणी, दोरीपलीकडे सगळे सोयरे पाहताहेत. हे हात पुसत आले. कंपनीच्या कपड्यांवरच पाटावर बसले. आम्ही बायका हसलो, मी तर जरा मिरवलेच. मोजून पाहिलं तर सगळा सोहळा चहा पिण्याइतका वेळही चालला नसेल.

तेवढ्यात पायलटनं हाक मारली. हे परत धावले. तेलाचं झाकण आपल्या जागी बसलेलं दिसत होतं. यांनी वरचा पत्रा लावला आणि तपासणीच्या कागदावर सही केली. झाकण नुसतं ठेवलेलं होतं, फिरवून घट्ट केलेलं नव्हतं. अर्धवट सोडलेलं काम परत पहिल्यापासून पाहायचं, हा त्यांच्या धंद्यातला अगदी पहिला धडा. नवीन माणसांना तो धडा शिकवायचे ते हेच.

चिखलीच्या अलीकडे इंजिनाच्या तेलाचा दिवा लागला. करपल्याचा वास आला, बाजूच्या काचेवरून तेलाचे ओघळ वाहू लागले. पायलट शहाणा, त्यानं समोर दिसलेल्या हरभऱ्याच्या शेतात मशीन उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नवरानवरी पुढे कुणाच्या तरी जीपमधून सासरी पोचली.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. कंपनीच्या साहेबाचा फोन आला, की लोक दोरीच्या आत शिरले होते असं सांगा, कुणीतरी हात लावला असेल. हे म्हणाले, कुणी लावला नाही. बाबा बसनं आमच्याकडे आले आणि हटून बसले.

"म्या बोलावलं तुमाले. साहेब लोकांले माहं नाव सांगा. मले काय करतील ते करतील."

"बाबा, तुम्ही बोलावलं. उठलो मी."

मला या उत्तराचा भयंकर राग आला. अजूनही येतो. मी म्हटलं, सगळा भार एकट्यानं उचलायची एवढी हौस कशाला? साहेबानं दुसरा माणूस दिला नाही, पायलटनं घाई केली, बाबांनी कामावरून उठवलं, हे खोटं आहे का? हे म्हणाले, खोटं नाही, विचारलं तर सांगेन. चौकशीत विचारलं तेव्हा सांगितलंही. पण त्याआधी, कुणी विचारायच्या आत, झाकण मी उघडं सोडलं, हे सांगून मोकळे झाले. लायसन्स स्थगित झालं. कंपनीनं काढून टाकलं. साहेब मात्र आहे तिथेच आहे, आणि नवरदेवांना अजून फिरवतो आहे.

आम्ही देऊळघाटला, यांच्या गावच्या घरी येऊन राहिलो. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोले, काही झालं तर नाही ना, मग कायले जिवाले लावून घेता! मीही तेच म्हणत होते. यांना ते ऐकवत नसे, उठून वावरात जात. स्थगितीची मुदत संपत आली तशी दुसऱ्या एका कंपनीची विचारणा आली. हे हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. माणूस परत त्या कामाला हात लावणार की नाही, ही एकच काळजी मला खात होती. आयुष्यात दुसरं काही शिकलेलंच नव्हतं त्यांनी.

अशात एका दुपारी बहीण आली. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि एकटी. मला वाटलं, आता ही तरी समजूत घालेल. मी चहा टाकला. ती यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"भाऊजी, समदे म्हणतात काही झालं नाही. मले लई भेव लागलं होतं."

यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला.

"मशीन खाली चाललं तवा आमचे हे माह्या हाताले धरून थरथरत होते. मी त्यांले म्हणत होती, भिऊ नका, माह्या भाऊजीनं पाह्यलं आहे, काही होत नाही."

मला तिला गप्प करावंसं वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आता घरी कोनतीबी गोष्ट मी म्हटली, की हे हसून विचारतात, भाऊजीनं पाह्यलं तसंच का? समदे हसतात. भाऊजी, तुमी खरंच पाह्यलं होतं का? मी काय सांगू त्यांले?"

साहेब, पायलट, बाबा, सगळे माझ्या जिभेवर आले. मी तोंड उघडलंही. यांनी हातानं मला थांबवलं.

"सांग, नव्हतं पाह्यलं."

तिनं मान हलवली. डोळे पुसले, आणि बस चुकेल म्हणून उठली. चहा गॅसवर तसाच होता. मी तिला थांब म्हटलं नाही.