रविवारच्या दुपारची बदली

“ही रविवारची दुपार काही फार दिवस टिकत नाही,” देशमुखकाकू म्हणाल्या. “हा स्लॉट बंद होतोय. लिहून घ्या.”

माझ्या हातातला समोसा हातातच राहिला. ही बातमी त्या दिवशी अख्ख्या दिल्लीत दोनच माणसांना माहीत होती. एक माझे बॉस भाटियासर आणि दुसरी मी. मी घरी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते. आणि इथे मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेली दहाबारा रिटायर्ड माणसं चहा पिता पिता त्यावर चर्चा करत होती.

मी जुन्या हिंदी सिनेमांच्या एका चॅनलमध्ये प्रोग्रामिंगला आहे. ऑफिस नोएडाला. सोसायटीत कुणी विचारलं तर “मीडियात आहे” एवढंच सांगते. जास्त सांगितलं की लोक सेट टॉप बॉक्स दाखवायला घरी घेऊन जातात. माझं काम सांगायला सोपं आहे. कुठला सिनेमा कुठल्या दिवशी किती वाजता लागणार, ते ठरवायचं. त्याचा जो तक्ता बनतो त्याला आम्ही एफपीसी म्हणतो. तो लागला की आठवडाभर चॅनल त्याबरहुकूम चालतो.

बाकी आठवडा रंगीत सिनेमांचा. रविवारची दुपार मात्र ब्लॅक अँड व्हाइट, आणि ती पूर्णपणे माझी. तिच्यात कुणी ढवळाढवळ करत नाही, कारण तिच्याकडे कुणी बघतच नाही, असा माझा समज होता. रेटिंग ज्या घरांत कोण काय बघतं ते मोजणारे मीटर बसवलेत तिथूनच येतं. आमच्या रविवारचं रेटिंग म्हणजे आनंदच होता. म्हणून मुंबईच्या हेड ऑफिसने ठरवलं की नव्या क्वार्टरपासून तिथे डब केलेले मारधाडीचे सिनेमे लावायचे. त्या रविवारच्या महिना-दीड महिना आधीच भाटियासरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं आणि वर दम भरला होता, “वैशाली, अनाउन्समेंट तक किसी को नहीं। सेल्स की डील चल रही है।”

मी मान डोलावली. घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. कुणाला कारण सांगायची सोय नव्हती.

देशमुखकाकू आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. गणपतीत ओळख झाली. त्यांनी बरेचदा बोलावलं होतं, “रविवारी हॉलवर ये गं, आमची मंडळी सिनेमा बघते, मग गप्पा होतात.” मला वाटलं होतं, सासूबाई-पद्धतीच्या गप्पा असतील. त्या रविवारी मन लागेना म्हणून गेले, तर टीव्हीवर माझाच चॅनल. सिनेमा संपला, टीव्हीचा आवाज बंद झाला, आणि चर्चा सुरू झाली. ती सिनेमावर नव्हती. हा सिनेमा आजच का लावला, यावर होती.

“काकू, तुम्हाला कुणी सांगितलं बंद होतोय म्हणून?” मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

“सांगायला कशाला हवं? दिसतंय की. खन्नाजी, इसको समझाइए।”

खन्नाजींचं करोल बागेत गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. आता मुलगा बघतो. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “बेटा, दुकानदारी है सब। जो माल दुकानदार बार-बार आगे रखे, समझो निकालना है। ये चैनलवाले भी जिस फिल्म को बार-बार दिखाएँ, वो फिल्म जानेवाली होती है। हम उसको विदाई बोलते हैं। आख़िरी बार सब साथ बैठके देखते हैं।”

हे ऐकून मी गारच पडले. त्याचं कारण सांगते. चॅनल सिनेमा विकत घेत नाही, भाड्याने घेतो. मुदत ठरलेली असते आणि त्या मुदतीत किती वेळा दाखवायचा तेही ठरलेलं असतं. एकदा दाखवला की एक ‘रन’ खर्च झाला. मुदत संपत आली आणि रन उरले असले, तर ते फुकट जाऊ नयेत म्हणून आम्ही तोच सिनेमा पुन्हापुन्हा लावतो. ही आतली गोष्ट आहे. बाहेर कुणाला सांगत नाहीत. लोक फक्त शिव्या घालतात की यांच्याकडे दुसरा सिनेमा नाही का. आणि हा माणूस करोल बागेच्या अनुभवावर ते बरोबर ओळखून, वर त्या सिनेमांना निरोप देत होता.

“और महीनों से इतवार को नया माल नहीं आया,” खन्नाजी म्हणाले. “जो दुकान बंद करनी हो, उसमें कोई नया माल नहीं भरता।”

“पण माझं कारण वेगळं आहे,” काकू म्हणाल्या. “गेले काही रविवार बघ. दीपस्तंभवाला लागला. मग वकिलीणबाईंचा. मग घोड्यांच्या डॉक्टरचा. आज हा. एकाहून एक. आधी हा सिनेमे निवडणारा माणूस असं करत नव्हता. एक उत्तम लावला की मध्ये दोन साधे लावायचा, पुरवून पुरवून वापरायचा. आता एकदम सगळे दागिने बाहेर काढलेत.”

मला आणखी एक धक्का बसला. आमच्या ऑफिसातही सिनेमाला नावाने हाक मारत नाहीत. एका नावाचे तीनतीन सिनेमे असतात, घोळ होतो. आम्हीही त्यांना दीपस्तंभवाला आणि घोडा-डॉक्टरच म्हणतो.

काकूंची सगळी नोकरी एका मंत्रालयाच्या आस्थापना विभागात गेली. म्हणजे जिथे बदल्या आणि नेमणुका होतात तिथे. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे चांगला अधिकारी जायचा असला की आधी काय करायचा माहितीय? आपल्या चांगल्या माणसांना चांगल्या जागी बसवून जायचा. ऑर्डर निघायच्या आधी आम्हाला कळायचं, साहेब निघाले. हा जो कोणी सिनेमे निवडतो ना, तो आवराआवर करतोय.”

खरं सांगते, मी हे ठरवून करत नव्हते. बातमी कळल्यापासून मी एफपीसी लावायला बसले की हात आपोआप आवडत्या सिनेमांकडे जात होता. मलाही न कळलेली माझी गोष्ट या बाईंनी टीव्हीसमोर बसून वाचली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी रिकाम्या खोलीत सिनेमे लावते. त्या खोलीत माणसं होती, आणि ती माझ्यापेक्षा जास्त लक्ष देत होती.

“कोई बुज़ुर्ग होंगे,” खन्नाजी म्हणाले. “पैंसठ के तो होंगे ही। ऐसी पसंद आजकल के बच्चों की कहाँ।”

सगळे हसले. पासष्ट! मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि केसही रंगवते.

दोनतीन दिवसांनी भाटियासरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. खन्नाजींच्या सुनेने त्यांचं म्हणणं जुन्या सिनेमांच्या कुठल्याशा ऑनलाइन ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते फिरत फिरत मुंबईतल्या आमच्या सेल्सवाल्यांच्या फोनवर आलं होतं.

“लीक किसने किया?”

“सर, कुणीच नाही,” असं मी चक्क मराठीत बोलून गेले. मग सावरले. “किसी ने नहीं किया। उन लोगों ने शेड्यूल देखके समझ लिया।”

“शेड्यूल देखके? मैं तुम्हें बेवक़ूफ़ दिखता हूँ?”

“नहीं सर।”

“दो लोगों को पता था। मैंने नहीं बताया।”

म्हणजे राहिलं कोण, ते त्यांनी मोठ्या मनाने मला ठरवू दिलं. मला राग आला. स्लॉट गेला ते गेलाच, आता वर विश्वासघाताचा शिक्का. या धंद्यात तोंड हलकं असल्याचा बोभाटा झाला की पुन्हा कुणी जवळ करत नाही.

“सर, आप इतवार को मयूर विहार आइए,” मी म्हटलं. “खुद देख लीजिए।”

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आले. गुडगावहून, रविवारी, स्वतः गाडी चालवत. मी त्यांची ओळख “आमच्या ऑफिसचे भाटियासर, जुन्या सिनेमांचे शौकीन” अशी करून दिली. त्यातला दुसरा भाग साफ खोटा होता. सिनेमाभर ते फोनमध्ये डोकं घालून बसले.

चहा आल्यावर मात्र त्यांनी थेट काकूंना विचारलं, “मैडम, सुना है आप शेड्यूल से सब पढ़ लेती हैं। चलिए, कुछ ऐसा बताइए जो किसी को न पता हो।”

उलटतपासणीच ती. काकूंनी चष्मा पुसला.

“निवडणारा एकच माणूस आहे,” त्या हिंदीत म्हणाल्या, ते मी मराठीत सांगते. “वर्षानुवर्षं तोच. त्याची एक रीत आहे. तो लागोपाठ दोन रविवार रडवत नाही. एकदा रडवलं की पुढच्या रविवारी हमखास हसवतो. फक्त एकदा चुकला. गेल्या हिवाळ्यात. आदल्या रविवारी सगळ्यांचे रुमाल ओले झाले होते, आणि पुढच्या रविवारी परत ती शिलाई मशीनवाली.”

शिलाई मशीनवाली म्हणजे कपडे शिवून मुलाला वाढवणाऱ्या विधवा आईचा सिनेमा. दगडालाही पाझर फुटेल असा.

“ते त्या माणसाचं काम नव्हे,” काकू म्हणाल्या. “वरून शिफारस आली असणार. मंत्रालयात मी असल्या शिफारशी जन्मभर पाहिल्यात, कुठे बसत नाहीत ते लगेच दिसतं. त्या रविवारी हात दुसऱ्याचा होता.”

“और फिल्म माँ की थी,” खन्नाजींनी जोडलं. “साहब लोगों की भी माँ होती है। किसी ने अपनी माँ के लिए लगवाई होगी। हमने बुरा नहीं माना।”

मी टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत बसले. कारण तो सिनेमा भाटियासरांनीच लावायला सांगितला होता. ऐन वेळेला, कारण न देता. माझा त्या रविवारचा विनोदी सिनेमा काढून. मी तेव्हा मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडली होती, पण कुणाला बोलले नव्हते.

भाटियासरांनी चहाचा कप खाली ठेवला. खन्नाजींनी आग्रह केला तेव्हा मुकाट्याने दुसरा समोसा खाल्ला.

खाली त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाले, “मम्मी हॉस्पिटल में थीं। कमरे में टीवी था। मैंने सोचा था, एक फिल्म इधर-उधर करने से किसको पता चलेगा।”

“मला वाटलं होतं आपल्याला कुणी बघतच नाही,” हे मी त्यांना हिंदीत सांगितलं. लीकचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही.

भाटियासर मुंबईशी भांडले. दुपार वाचली नाही. सेल्सची डील झाली होती. पण रविवारची सकाळ मिळाली आणि थोड्या नव्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमांचे राइट्सही घेतले गेले. मी केबिनमधून बाहेर पडताना त्यांनी पुन्हा बजावलं, “अनाउन्समेंट तक किसी को नहीं।”

“जी सर.”

दुपारचा शेवटचा रविवार आला. ब्रेकमध्ये मारधाडीच्या सिनेमांचे प्रोमो सुरू झाले होते, ‘हर रविवार दोपहर’ असे ओरडत. हॉलमध्ये सुतकी शांतता होती. काकूंनी विदाईसाठी म्हणून स्वतः शिरा करून आणला होता. सगळ्यांना वाटत होतं, आज हा माणूस आपला सगळ्यात आवडता सिनेमा लावणार आणि जाणार.

मी लावला होता एक अगदी साधा सिनेमा. नव्या राइट्समधला पहिला. आमच्या चॅनलवर आधी कधीच न लागलेला. एक रेल्वे गेटमन, त्याची भांडकुदळ बहीण आणि एक हरवलेली म्हैस. नट कुणाच्या ओळखीचे नाहीत. त्याचा ना प्रोमो होता, ना खाली पट्टी.

नावं पडद्यावर आली. हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “ये कौन-सी है? ये तो कभी नहीं आई।”

खन्नाजी ताडकन उठले. “नया माल!” ते जवळजवळ ओरडलेच. “अरे नया माल आया है! दुकान बंद नहीं हो रही!”

“मग हे प्रोमो कसले दाखवतायत?” कुणीतरी हिंदीत विचारलं.

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी शिऱ्याचं झाकण काढलं.

“पद रद्द झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “बदली झालीय.”

मग शिऱ्याची पहिली वाटी त्यांनी माझ्या हातात दिली आणि हळूच मराठीत म्हणाल्या, “कुठे झाली, तेवढं पडद्यावरून कळत नाही गं. ते तू सांग.”

माझे कान तापले. “काकू, तुम्हाला कधीपासून…?”

“पहिल्याच दिवसापासून. तो माणूस पासष्टचा असेल म्हटल्यावर सगळे हसले. तू तेवढी रागावलीस.”

मी भाटियासरांना शब्द दिला होता. तो मोडला नाही. मी म्हटलं, “काकू, मला ऑफिसचं काही बोलता येत नाही. पण येत्या रविवारी मी तुमच्याकडे सकाळी साडेआठला चहाला आले तर चालेल का?”

“चालेल की,” काकू म्हणाल्या आणि वळून खन्नाजींना ओरडून म्हणाल्या, “खन्नाजी, अलार्म लगाइए!”

आमच्या धंद्यात गुपित ठेवायचा एकच खात्रीचा उपाय आहे, पडदा काळा ठेवायचा. त्यावर काहीही लावलं तरी मयूर विहारमध्ये ते वाचलं जातं.