समोरचा 'सरी' म्हणेपर्यंत

आमच्या रविवारच्या वादमंडळाचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. चार वर्षांत दोन वह्या भरल्या, पण त्यात एकही ठराव सापडणार नाही. ठराव सगळ्यांच्या लक्षात राहतो म्हणून लिहायचा राहतो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे जे घडतं ते मी लिहून ठेवतो. परवा सुशीला अक्कांनी वही मागितली, चाळली आणि म्हणाल्या, "ह्यात काम कुठाय रे? नुसत्या गप्पा भरल्यास." मग तासभर त्यांनी ती खाली ठेवली नाही.

मंडळ म्हणजे पाच माणसं आणि या कानडी शहरात, मल्लेश्वरममधल्या अक्कांच्या घरचा हॉल. अक्का मूळच्या निपाणीच्या, इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. पाटील चिकोडीकडचे, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. मी पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो, त्यामुळे वाद घालायला वेगळी तयारी करावी लागत नाही. उरलेले दोघे म्हणजे अक्कांचे शेजारी श्रीपती अण्णा आणि त्यांची मुलगी वैजू. त्यांच्याकडे येतोच.

* * *

मंडळाचा एकच नियम, आणि तो अक्कांनी शाळेतून आणलेला. तुम्हाला कुणाला विरोध करायचा असेल तर आधी त्याचं म्हणणं तुम्ही मांडायचं. त्याचं समाधान होईल असं मांडायचं. तो 'सरी' म्हणाला, म्हणजे कानडीत 'बरोबर' म्हणाला, की मग तुमची पाळी. तोवर एक शब्द विरोधात काढायचा नाही.

पहिल्याच रविवारी मी आणि पाटील भिडलो. आमच्या रस्त्यावर झाडांखाली गाड्या लावू द्याव्यात की नाही, हा विषय होता. मी म्हणत होतो, देऊ नयेत. पाटलांनी माझी बाजू मांडायला घेतली, आणि इतकी मन लावून मांडली की शेवटी स्वतःच म्हणाले, "ह्यात चूक काय हाय वो?" मी त्यांची बाजू मांडली आणि मला ती पटली. मग आम्ही बाजू बदलून पुन्हा पाऊण तास भांडलो. अक्कांनी डोक्याला हात लावला.

* * *

आमच्याकडे घड्याळ चालत नाही, कुकर चालतो. अक्का स्वयंपाकघरात वरणभाताचा कुकर चढवून येऊन बसतात. बोलणाऱ्याला तीन शिट्ट्या. तिसरी झाली की वाक्य अर्धं असलं तरी बसायचं.

एकदा पाटील पाण्याच्या टँकरवर बोलायला उभे राहिले आणि शिट्टी होईचना. पाटील खुशीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पाटलांचे मुद्दे संपले, त्यांनी टँकर सोडून विहिरीवर आणि विहीर सोडून आपल्या मामाच्या शेतावर बोलायला सुरुवात केली. शेवटी त्यांनाच दम लागला. "अक्का, बघा की जरा आत, मला बसायचंय," ते म्हणाले.

कुकरची रबरी रिंग गेली होती. त्या दिवशी भात करपला आणि सगळ्यांनी चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, मागवून खाल्लं.

* * *

आता अण्णा आणि वैजू.

अण्णा बावीस वर्षं आफ्रिकेतल्या एका देशात तेलविहिरींवर सुपरवायझर होते. दहा-अकरा महिन्यांनी एकदा महिनाभर घरी यायचे. वैजूला आईने एकटीने वाढवलं. बापलेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते आईच्या मार्फत. "बाबांना विचार", "वैजूला सांग". तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि मधला माणूसच गेला. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. गॅस संपलाय, चावी कुंडीखाली ठेवलीय, आज उशीर होईल, एवढं बोलणं होतं. बाकी घर शांत. अक्कांची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. "ती शांतता मला ऐकू येते की रे," त्या एकदा मला म्हणाल्या. त्यांनीच दोघांना मंडळात ओढून आणलं.

अण्णा वर्षभर फक्त जेवायला आल्यासारखे येत. बोलत नसत. एका रविवारी वैजूची विषय द्यायची पाळी आली. ती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत निरनिराळ्या देशांचे नियम वाचून टिपणं काढते. तिने विषय दिला: परदेशात तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांनी तिथल्या सरकारला किती पैसे दिले, ते विहीरवार, प्रकल्पवार जाहीर करावं का?

मग पाटील म्हणाले, "वैजू, त्यापेक्षा पेट्रोल महाग का हे घेऊया की. त्यात सगळंच येतंय."

तेवढ्यात अण्णा उभे राहिले. वर्षभरात पहिल्यांदा. "करू नये," ते म्हणाले.

वैजूने मान वर केली. "का करू नये, बाबा?"

त्या दिवशी दोघं जेवणं थंड होईपर्यंत बोलत होते.

* * *

पुढच्या रविवारी विषय माझा होता. मी चांगला तयारीने आलो होतो. अक्कांनी मला दारातच अडवलं. "तुझं राहू दे रे स्वल्प, थोडा वेळ. मागचं अर्धवट राहिलंय."

"पण अक्का, मला त्यातलं काही कळत नाही."

"मला तरी कुठं कळतंय? ती दोघं बोलतायत ना?"

मग आम्ही तिघांनी मिळून तो विषय सात रविवार जगवला. खोटं कशाला बोलू, मी दोनदा पेंगलो. पण वाद थंडावतोय असं वाटलं की कुणीतरी एक लाकूड सरकवायचं, हे ठरलेलं होतं.

एकदा दोघांचंही बोलून झालं, चहा आला, विषय संपल्यातच जमा. पाटील घाबरले आणि तोंडाला येईल ते बोलले, "पर सरकार म्हणजे कोण धरायचं? ग्रामपंचायत धरायची का?"

वैजूने कप खाली ठेवला. "पाटीलकाका, ह्याच प्रश्नावर आमच्या ऑफिसमध्ये गेले दोन महिने वाद चाललाय."

त्यानंतर आठवडाभर पाटील पीण्यात कामगारांना तो प्रश्न विचारत होते.

* * *

त्या सात रविवारांत दोघांच्या बाजू आम्हाला तोंडपाठ झाल्या.

वैजू म्हणायची, विहिरीशेजारच्या गावाला, सरकारकडे किती पैसे आले हेच कळलं नाही, तर ते गेले कुठे हे गाव विचारणार कसं? कागद उघडा असला की माणसाला प्रश्न विचारता येतो.

अण्णा म्हणायचे, प्रश्न बरोबर आहे. पण गाव तो प्रश्न विचारायला राजधानीत जात नाही. गाव विहिरीच्या गेटवर येतं. आकडा देणारे वातानुकूलित खोलीत असतात आणि घेणारेही. गेटवर उभा कोण असतो, त्याचा विचार नियमात कुठे आहे?

"उदाहरण द्या," वैजू म्हणाली. हा सहावा रविवार.

अण्णा मग बाहेरच्या पारिजातकाकडे बघत सांगू लागले. "एक सुपरवायझर होता. त्याच्या विहिरीचा आकडा कुठूनतरी फुटला आणि तिथल्या पेपरात आला. गावात ना शाळा, ना पाणी. लोक चिडले, आणि चिडायलाच हवे होते. त्यांनी रस्ता अडवला. आत अकरा माणसं. साडेतीन महिने कुणी बाहेर पडलं नाही. एक-दोनदा गोळ्याही चालल्या. सुपरवायझरची रजा मंजूर होती, तिकीट खिशात होतं. त्याने घरी कळवलं, रजा मिळाली नाही."

"खरं का नाही कळवलं?" मी विचारलं.

"लांबून काय करणार होते घरचे? काळजीच ना," अण्णा म्हणाले, आणि तिसरी शिट्टी झाली.

एरवी शिट्टी झाली की वैजू लगेच उत्तर द्यायला सरसावते. त्या दिवशी ती काही बोलली नाही. जेवलीही नाही. मला वाटलं, मुद्दा सुचला नसेल. अक्का मात्र भांडी आवरताना मला म्हणाल्या, "वैजू दहावीला असताना तिचा बाप येणार होता. आला नाही. पोरीने गेटाला तोरण बांधलं होतं. महिनाभर काढू देईना." मी त्या रविवारचं इतिवृत्त लिहिलं नाही. काय लिहायचं ते कळेना.

आता सातव्या रविवारी मतदान घ्यायचं ठरलेलं होतं. मतदान झालं की विषय मिटणार. आमच्याकडे सरकवायला एकही लाकूड उरलं नव्हतं, आणि ही दोघं पुन्हा कुंडीखालच्या चावीवर येणार याची तिघांनाही धास्ती होती.

* * *

सातवा रविवार. अक्कांनी कुकर चढवला. विरोध वैजूला करायचा होता, म्हणून नियमाप्रमाणे आधी अण्णांची बाजू तिने मांडायची होती.

तिने कागद आणला होता. त्यावरून वाचलं: कामावरच्या माणसांची सुरक्षा, गेटवरचा माणूस, आकडा एकीकडे आणि जबाबदारी दुसरीकडे. स्वच्छ मांडलं. पहिली शिट्टी झाली.

"सरी?" तिने विचारलं.

अण्णांनी मान हलवली. "राहिलं."

तिने पुन्हा मांडलं, या वेळी न वाचता. रस्ता, अकरा माणसं, साडेतीन महिने, खिशातलं तिकीट. दुसरी शिट्टी झाली.

"सरी?"

"राहिलं अजून."

"काय राहिलं, बाबा?"

"मला सांगता येत नाही," अण्णा म्हणाले.

वैजूने कागदाची घडी घातली आणि हातात धरून ठेवली.

"त्या सुपरवायझरची मुलगी दहावीला होती," ती म्हणाली. "तिला कळलं, रजा मिळाली नाही. तिला वाटलं, बाबांना यायचंच नव्हतं. ते तिने पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवलं, आणि त्यांना कधी विचारलं नाही. गोळ्या चालल्याचं तिला कळलं असतं तर तिने पेपर दिले नसते. म्हणून त्यांनी कळवलं नाही. एवढंच होतं. ते तिकडे कुणापासून काही लपवत नव्हते. ते गेटवर उभे होते, आणि घरी कुणी घाबरू नये म्हणून गप्प बसले होते."

तिसरी शिट्टी झाली. अक्का उठल्या, आत जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या. पाटील माझ्याकडे बघत होते, मी वहीकडे.

शेवटी पाटलांनीच हळूच विचारलं, "सरी का, अण्णा?"

अण्णा वैजूकडे बघत होते.

"नाही," ते म्हणाले. "अजून एकदा सांग."