पाण्याच्या टाकीवरून सुटणारं इंटरनेट

शिरूर आणि दौंडच्या मधल्या एका गावात ग्रामपंचायतच घरोघर वेगवान इंटरनेट पुरवते, असं कानावर आलं. पुण्यातलं माझं नेट तीन दिवस बंद होतं. निघालो.

शिवाजीनगरहून शिरूरची एसटी सकाळची धरा, म्हणजे खिडकी मिळते. शिरूरच्या स्टँडबाहेर मिसळ खाऊन घ्या, पुढे चहाशिवाय काही नाही. तिथून वडापची, माणसं भरली की सुटणारी जीप. उसाच्या ट्रॉलीमागे लागलात तर अर्धा तास जास्त धरा. गावाचं नाव सांगत नाही, सरपंचांनीच बजावलंय, "पाव्हणं वाढलं की स्पीड कमी हुतो."

पाण्याच्या टाकीवर डिश आणि खाली पंचायतीच्या खोलीत खटक्यांचा बोर्ड. बोर्डाशी नामदेवमामा, गावाचे नळ सोडणारे. नेटही त्यांच्याकडेच. साऱ्या गावाला एकदम दिलं तर धार बारीक होते, म्हणून त्यांनी पाण्याचंच वेळापत्रक लावलं: सकाळी वरची आळी, दुपारी पेठ, संध्याकाळी साडेसातला वस्ती. महिना शंभर रुपये, पाणीपट्टीबरोबर.

"परवडतं का?" मी विचारलं.

"गटार उघडं हाय आन् नेट फास्ट हाय," मामा म्हणाले. "पर पोरांचं निकाल घरात दिसत्यात. कांद्याचा भाव बी दिसतो."

"त्यानं भाव वाढतो?"

"न्हाई. पर कमी हाय हे लवकर कळतं."

लोकही नेट पाण्यासारखंच भरून ठेवतात. पेठेतले आप्पा कांद्याचे व्यापारी. त्यांच्या ओट्यावर गेलो, तर उघड्या खिडकीतून माजघरातला कॉम्प्युटर दिसत होता. त्यावर आठवडाभराची कीर्तनं उतरत होती. "गेलं म्हंजी गेलं," आप्पा म्हणाले. "हंडं भरलेलं बरं."

तेवढ्यात मामांना ओढतच संगीता आली. वस्तीतली, नर्सिंग झालेली. सरकारी नोकरीचा फॉर्म आज पाचपर्यंतच, आणि घड्याळात पावणेचार. शिरूरला जाणारी गाडी साडेचारला. मोबाइलला गावात रेंज नाही. वस्तीचा कॉम्प्युटर समाजमंदिरात, त्याला नेट साडेसातला.

"आप्पा, आज दुपारची वेळ आमाला द्या. संध्याकाळची आमची तुमी घ्या."

कांद्याला पाणी देताना इथे शेजारी अशीच अदलाबदल करतात. पण आप्पा व्यापारी. "तुमची वेळ लहान हाय. दोन दिसांची द्या."

"दोन दिस? वस्तीला इचारावं लागंल."

"आन् अख्खी पेठ वरडंल त्याचं काय?" मामा म्हणाले. "येकाला सोडलं की समदं येत्यात."

पेठेतले आणखी दोघे आले. दीड दिवसावर बोलणी अडली. सव्वाचार झाले. संगीताच्या हातातला कागद चुरगळत चालला होता. खिडकीत कीर्तन निवांत उतरत होतं.

मग आतून आप्पांच्या घरच्या, आक्का, बाहेर आल्या. हाताला पीठ.

"येळ हिकडनं तिकडं कशाला नेताय? पोरीला हिकडं आना की."

वेळ द्यायला-घ्यायला गाव तयार होतं. संगीतानं पेठेतल्या माजघरात बसावं, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी तर पुण्याहून आलो होतो.

संगीतानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी खिडकीकडे. "आगं, त्यांचं कीर्तन बंद पाड आदी," आक्का म्हणाल्या, "तवाच तुजं चालंल."

चप्पल ओट्याखाली काढून ती आत गेली. पाचला सहा मिनिटं असताना फॉर्म गेला. आक्कांनी चहा आणला, सगळ्यांना एकसारख्या कपांत.

परतीला दौंड सोयीचं. जीपनं चौफुल्यामार्गे गेलात तर संध्याकाळची पुण्याची गाडी मिळते. स्टेशनावरचा चहा टाळा.

घरी आलो तर माझं नेट सुरू झालं होतं. चोवीस तास, कुणाला न विचारता. त्या गावाचा हिशेब मी अजून मांडतोय: एका बाजूला उघडं गटार, शंभर रुपये आणि मामांची मर्जी.

दुसऱ्या बाजूला काल आलेली संगीताची मेल. निकाल अजून नाही, एवढंच लिहिलंय. मेल दुपारी तीनची आहे, पेठेच्या वेळेतली. वस्तीला नेट साडेसातलाच सुटतं.