सुमनकाकींचं पोट

सल्ला द्यायला आलेल्या माणसाला सुमनकाकी आधी बसायला चटई द्यायच्या, मग चहा, आणि कप रिकामा झाला की शांतपणे विचारायच्या, "हे कुनाला लागू पडलं? नाव सांग." नाव कुणालाच आठवायचं नाही. तरी माणसं येत राहायची, कारण चहा चांगला असायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी रोह्याच्या शाळेत शिकवायला लागले आणि नदीपलीकडच्या अष्टमी गावात काकींच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. काकी तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या. मुलगा कॉलेजात, नवरा कंपनीत. त्या वर्षी त्यांचं पोट वाढू लागलं. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे. ओटीपोटात एका बाजूला जड वाटायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं उठावं लागायचं आणि पाळीचा नेम राहिला नव्हता.

हे सगळं ऐकायला कुणी थांबलं नाही. पोट दिसत होतं, तेवढं आळीला पुरे होतं. काकींना दिवस गेल्याचं ठरून गेलं. लोणच्याच्या वाट्या येऊ लागल्या. त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणत, गोधडी शिवायला बसल्या. काकांकडे कंपनीतले लोक पेढे मागू लागले, तेव्हा त्यांनी शिफ्टच बदलून घेतली.

"तपासून घेतलं, नाय म्हनाले," काकी सांगायच्या.

"तपासणीत चुकतं कधीकधी," आळी समजूत घालायची.

जवळच्या डॉक्टरांनी साडीवरूनच पोट दाबलं, गॅस ठरवला आणि गुलाबी गोळ्या दिल्या. काकी म्हणाल्या, "एवढा गॅस असता तर आळीतल्या चुली पेटवल्या असत्या मी." मग कुणी बाहेरची बाधा सांगितली. लिंबू कापलं, नारळ उतरवला. "चटणी बरी झाली," एवढाच गुण काकींनी कबूल केला.

एका सकाळी मात्र त्या कळ येऊन ओट्याशी वाकल्या आणि बराच वेळ सरळ झाल्या नाहीत. कळ ओसरल्यावर म्हणाल्या, "बाई, पेणला पोटाचा फोटो काढतात म्हनं. येशील का गो सोबत?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पेणला गेलो. सोनोग्राफीला लघवी तुंबलेली लागते, म्हणून बाकावरच्या सगळ्या बायका पाणी पिऊन तयार होत्या. तेवढ्यात लाईट गेली. पाय आवळून सगळ्या गप्प. काकी म्हणाल्या, "जलमभर हंडा घेऊन रांगेत बसलो, आता सोताच हंडा होऊन बसलोय." कुणी हसलं नाही. हसणं परवडणारं नव्हतं.

लाईट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा मोठा काळा गोल दाखवला. "ही अंडाशयावरची गाठ. पिशवीसारखी, आत पाणी. लहान गाठी पुष्कळ बायकांना होतात, कळतही नाहीत, दोनतीन पाळ्यांत आपोआप जिरतात. ही नारळाएवढी आहे, जिरायची नाही. काल थोडी पिळली जाऊन सुटली असेल. पूर्ण पिळली तर जिवावर बेतेल. लवकर काढायला हवी."

"कॅन्सर हाय का?" काकींनी विचारलं.

"दिसते तरी साधी. पण काढून तपासेपर्यंत खात्रीने सांगता येणार नाही. आत्ता मला माहीत नाही."

परतीच्या गाडीत काकी खिडकीबाहेर बघत राहिल्या. नागोठणं गेल्यावर म्हणाल्या, "वरसभरात ही पहिलीच, जी माहीत नाय म्हनाली. हिच्याकडंच कापून घ्यायचं."

ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासून आली, साधीच निघाली. आळीत लगेच श्रेयाची वाटणी झाली. गोळ्यांनी गाठ सैल झाली होती, लिंबाने ती सुटली होती. डॉक्टरीणबाईंनी फक्त उचलून घेतली.

काकी जाऊनही आता काही वर्षं झाली. मला त्या आठवतात त्या रिपोर्ट आला त्या दुपारच्या. चहा पिऊन मंडळी पांगली होती. माई खाटेच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"माझी मोठी बहीण अशीच गेली," त्या म्हणाल्या. "पोट वाढलं, तर आमी वटी भरली तिची. नाचून गाऊन भरली. आत काय हाय ते कोनी बगितलंच नाय."

काकी टाक्यांवर हात धरून हळूहळू भिंतीकडे सरकल्या आणि खाटेवर माईंना जागा करून दिली.