आनंदीबाईंची पेज

"रोग कसला? ही पोर उपाशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आम्ही सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. उपाशी? रत्नागिरीतल्या आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात रोज सकाळी पातेलंभर पेज शिजत होती!

सन बत्तीसची गोष्ट. खेडकडची राही वर्गात पाठ देता देता धाडकन कोसळली. सुपरिंटेंडेंटबाईंनी तिथल्या तिथे बजावलं, "पुन्हा पडली तर घरी पाठवीन." घरी तिच्या काकाने एक बिजवर हेरून ठेवलेला. राही शुद्धीवर आली ती रडतच.

पण मला सांगायचंय ते आनंदीबाईंविषयी. त्या आमच्यासारख्याच विद्यार्थिनी, पण वयाने सगळ्यांत थोरल्या. गुहागरकडच्या. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून अंगावर लाल आलवण. दिराच्या मुलांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकल्या आणि घरच्यांशी भांडून मास्तरीण व्हायला आल्या. आमची गणितं त्याच सोडवून देत. वैधव्याचा नेम म्हणून जेवत मात्र दिवसातून एकदाच, दुपारी; रात्री आमच्या पंगतीला बसून नुसतं दूध घेत. सकाळी स्नान करून खोलीत माळ ओढत बसत.

आणि आम्ही? थोरलीच्या आधी तोंडात घास घालायचा नाही, हे आम्ही आईच्या कडेवर असल्यापासून शिकलेलो. पेज वाडग्यांत ओतायची, लोणच्याची फोड वाढायची आणि उभं राहायचं. आनंदीबाई येणार नाहीत हे ठाऊक असून उभं राहायचं!

"पेज निवली गो! बसा की!" स्वयंपाकीण यमुनाबाई ओरडायच्या. तू बस, नाही तू बस, असं चालायचं तोवर घंटा. निघता निघता आम्ही दोन घोट तरी घ्यायचो. राही तेवढेही घेत नसे. पेज जाई यमुनाबाईंच्या म्हशीला. म्हैस काय तुकतुकीत झाली होती! मला त्या म्हशीचा हेवा वाटे आणि राहीचा संताप येई.

डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा राही बोलली, "त्या थोरल्या. त्यांच्या आदी म्या कशी खाव?"

पाणी घेऊन आलेल्या आनंदीबाईंच्या हातून तांब्या पडला. "माझ्यासाठी थांबता? रोज?" त्यांनी विचारलं. "अगो, मला वाटे तुम्ही केव्हाच खाऊन मोकळ्या होता!"

त्यांनी सगळ्यांना खायची ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी राहीने वाडगा ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. "नाय जात घशाखाली," म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी तडक आनंदीबाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं, "ती अजून खात नाही. आज पुन्हा पडेल."

माळ हातातच राहिली. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून बसल्या.

"वाढा."

यमुनाबाईंच्या हातातला डाव हवेतच. "आनंदीबाई, सकाळचं?"

"वाढा म्हटलं ना."

वीस वर्षांत त्या बाईने दुपारच्या आधी काही तोंडात घातलं नव्हतं. त्यांनी वाडगा उचलला. एक घोट घेतला. एकीने तर पदराने तोंड झाकून घेतलं. आनंदीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या. "राही, खा आता."

राहीने वाडगा रिकामा केला.

त्या दिवसापासून त्या रोज पहिल्या बसत. महिन्याभरात बातमी गावी पोचली. एका सकाळी आम्ही पेज पीत असताना त्यांचे दीर आले आणि अंगणातूनच गरजले, "धर्म बुडवलात! आता आमच्या घराची पायरी चढायची नाही!"

आम्ही गारठलो. सगळ्यांचे वाडगे खाली गेले, राहीचाही. आनंदीबाईंचा वाडगा हातातच थबकला होता, आणि थोरली थांबली की आम्ही थांबणारच.

आनंदीबाईंनी दाराकडे बघितलं. मग राहीकडे. आणि पुढचा घोट घेतला.