म्हातारी एकटी सापडेल तर शपथ!

घरी मित्र जमले की बायको चहाचं आधण ठेवता ठेवता बजावते, "तेवढं म्हाताऱ्यांचं सुरू करू नका." मग सुरू करावंच लागतं! इंटर्नशिप केली तेव्हा वाटलं होतं, शेवटी हातात सर्टिफिकेट पडेल. सर्टिफिकेट कुठं गेलं कुणास ठाऊक, किस्से मात्र दरवर्षी वाढतायत. यात खतपाणी माझं किती, ते विचारू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एम.ए. करून मी आणि वर्गातली सुनंदा एका परदेशी संस्थेत इंटर्नशिपला चिकटलो. ऑफिस नगरजवळ भिंगारला, भाड्याच्या दोन खोल्या. काम काय, तर गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून त्यांच्यासाठी सरकारनं काय करावं ते विचारायचं. आमच्यापैकी एकालाच पुढं जिनिव्हाच्या हेडऑफिसात घेणार होते. मला जायचं होतं फिरायला. सुनंदाला जायचं होतं कामाला. तिनं तर घरी आलेलं स्थळसुद्धा थांबवून धरलं होतं!

*

आमच्या जीपवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं 'लोकसंख्या अभ्यास'. राहात्याच्या अलीकडं एका गावात शिरलो आणि पारावरचे सगळे बाप्ये उसात पळाले! त्यांना वाटलं, नसबंदीवाले आले.

पारावर फक्त म्हातारे उरले. आम्हाला तेच हवे होते!

त्यातले एक आजोबा पाय पसरून म्हणाले, "बसा निवांत. आता आमचं काय न्यायचं ऱ्हायलंय?"

*

संस्थेचा कडक नियम होता, मुलाखत एकट्याची घ्यायची. आता आपल्याकडं म्हातारं माणूस एकटं सापडतं का? आम्ही बसलो की अख्खी गल्ली येऊन बसायची.

मी एका बाबांना विचारलं, "ऐकू नीट येतं का?"

शेजारी म्हणाला, "लई झ्याक येतं!"

बाबा म्हणाले, "काय म्हनला ह्यो?"

पुढच्याच गावात मी एका बाबांना जीपमध्ये बसवून काचा वर केल्या. म्हटलं, आता कोण येतंय! पहिला प्रश्न, "रात्री झोप लागते का?" पुढून आमचे ड्रायव्हर शब्बीरभाई म्हणाले, "कुठली लागतीये साहेब, त्यात ह्यो उकाडा!"

*

राहुरीच्या एका आजोबांना सुनंदानं वय विचारलं. आजोबा म्हणाले, "चाळीस." डोक्यावरचा एकूण एक केस पांढरा!

सुनंदा बघतच राहिली. आजोबा ताठ बसले. "छप्पन साली दीक्षा घेतली, पोरी. तवापासून मोजतो. त्याच्या आदी आमाला मानसांत कुनी मोजलं हुतं?"

तेवढ्यात आतून आजी कडाडल्या, "आन् आपलं लगीन त्याच्या आदीचं हाय, ते बी मोजत न्हाई ह्यो मानूस!"

*

शेवटी जिनिव्हाहून हेल्गा मॅडम आल्या. साठीला टेकलेल्या, उंच, कडक. त्यांनी सांगून टाकलं, "सुनंदा, तुझी एक मुलाखत बघते. नियमानं झाली तर तू, नाही तर हा." 'हा' म्हणजे मी!

राहात्यात काशीबाई नावाच्या आजींच्या दारात जीप थांबली आणि नेहमीप्रमाणे गल्ली लोटली. मी मनात बॅग भरायला घेतली.

सुनंदानं गल्लीकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं. मग ओट्यावर खुर्ची मांडून मॅडमना बसवलं आणि बायकांना म्हणाली, "पाहुण्या लई लांबून आल्यात. काय विचारायचं ते विचारा!" आणि काशीबाईंना घेऊन गेली आत.

बाहेर दुभाष्या मी.

"मालक काय करत्यात?"

"लग्न केलं नाही म्हणतात."

"अगं बया! मंग पोरंबाळं?"

"नाहीत."

"भाऊ? भाचरं? कुनीच न्हाई? मंग म्हातारपनी हिला बघनार कोन?"

हा प्रश्न आमच्या यादीतला शेवटचा, मॅडमनी स्वतः घातलेला. मी इंग्रजीत सांगितला. मॅडम बुटांकडं बघत राहिल्या.

एवढ्यात सुनंदा मुलाखत आटपून बाहेर आली. मागून काशीबाई. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. मॅडमना न्याहाळून त्या सुनंदाला म्हणाल्या, "पोरी, हिला एकटी नको धाडू. तू जा हिच्यासंगं."

"काय म्हणाल्या त्या?" मॅडमनी विचारलं.

सुनंदा लालेलाल. "म्हणाल्या... मी तुमच्याबरोबर यावं."

मॅडमचा विश्वास बसेना. त्या माझ्याकडं वळल्या. "खरं सांग, हेच म्हणाल्या?"

ऑफिसात थापाड्या म्हणून प्रसिद्ध कोण, तर मी. जिनिव्हाला जायचं कुणाला, तर मला. आणि विचारलं कुणाला!

म्हटलं, "मॅडम, शब्दन् शब्द!"

तोवर काशीबाई आत जाऊन मॅडम आणि सुनंदाला वाटेसाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या होत्या. दोघींची, एकाच पुडीत.