आतोबांनी जत्रेत विकलेली सोलं

मालवणच्या किनाऱ्यावर व्यापार आमच्या आतोबांइतका कोणी जाणला नाही आणि त्यांच्याइतकं कमी कोणी विकलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्येचे यजमान. गावात एसटी नुकती येऊ लागली होती, तेव्हा ते हायस्कुलात वाणिज्य शिकवायचे. मूळचे फोंडाघाटचे, बाजाराच्या गावचे. ‘गिऱ्हाईक आधी, माल मागाहून’ हे त्यांचं ब्रीद, आणि ते फळ्यापुरतं ठेवतील तर शपथ! आत्या भात वाढू लागली की ताटावर हात आडवा धरून विचारणार, “गिऱ्हाइकाक भूक किती आसा, इचारलंस काय गो?” “मुकाट्यान जेवा,” असं म्हणून आत्या डावभर जास्तच वाढी. भाव कसा ठरतो हे ते आम्हा वर्गातल्या मुलांना बांगड्यांच्या टोपलीपुढे उभं राहून समजावत; अखेर मासेवाली वैतागून म्हणे, “मास्तरानू, घेवचे नाय तर वारो तरी सोडा!” एकदा मित्राचं दुकान सांभाळायला बसले, तर छत्री मागणाऱ्याला म्हणाले, “पावस सरलो, आता छत्री कित्याक? फुडल्या वर्षी घे.” मित्राने पुन्हा त्यांना गादीवर बसू दिलं नाही.

एका वर्षी हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं, “मुलं सहाच. पालक म्हणतात, विकायला काय शिकवायचं? जूनपासून वर्ग बंद.” वर्ग बंद म्हणजे आतोबांनी चंबूगबाळं आवरून दुसरं गाव गाठायचं. आतोबा तडकले. “जत्रेत माझी मुलं दुकान मांडतील. दिवेलागणीपर्यंत माल खपला तर वर्ग ठेवा!” हेडमास्तर कबूल झाले आणि बातमी गावभर झाली.

आता माल कोणता? वर्षभर आम्हाला गिऱ्हाईक ओळखायला शिकवणाऱ्या या थोर गृहस्थांनी निवडली सोलं, म्हणजे आमसुलं! अहो, ज्या गावात परसापरसात रातांब्याचं झाड, घरोघर सोलांची मडकी भरलेली, तिथे सोलं! दुपार कलली तरी एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. आम्ही सहाजण रडकुंडीला आलो. आतोबांच्या तोंडाकडे बघवेना. मग काय अंगात आलं कोण जाणे, खोक्यावर चढून, हात जोडून, देवळात घालतात तसं त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा! ह्या पोरांचो माल दिवेलागणीच्या आत खपान जांव दे रे म्हाराजा!” गाऱ्हाणं कानावर पडलं की आमच्याकडचा माणूस झोपेतसुद्धा साथ देतो. सारी जत्रा गरजली, “व्हय म्हाराजा!” आणि देवासमोर हो म्हटल्यावर माघार कशी घेणार? घटकाभरात एक सोल उरलं नाही. वर्ग वाचला.

आम्ही नाचत होतो, पण आतोबांना ते पटेना. त्यांच्या मते ही विक्री नव्हतीच, देवाचा धाक घालून केलेली फसवणूक होती. दुसऱ्या दिवशी आम्हाला घेऊन ते घरोघर निघाले. नको असलेली सोलं परत घ्यायची आणि मग हेडमास्तरांना सगळं खरं सांगून टाकायचं, असा बेत. पहिल्याच घरची म्हातारी त्यांच्या अंगावर ओरडली, “सोलां आमच्याकडे मडकी भरान आसत! देवाक भिवान नाय घेतलंव. तुमी गाव सोडून जाव नये, म्हणान घेतलंव!”

आतोबा उंबऱ्यातच थबकले. “बरां,” एवढंच म्हणाले आणि माघारी फिरले. पुढच्या घरी आम्ही गेलोच नाही. वाटेत ते आमच्या दहा पावलं पुढे चालत होते, चष्मा हातात घेऊन. घर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यांना गाठायची घाई आम्हीही केली नाही.